सोळावी रेना

'स्टार ट्रेक'च्या मूळ मालिकेतला 'रेक्वियम फॉर मेथुसेला' हा भाग अमेरिकेत १४ फेब्रुवारी १९६९ रोजी दाखवला गेला. मालिकेचं ते तिसरं आणि शेवटचं वर्ष होतं. बजेट कापलेलं, सेट पुठ्ठ्याचे वाटणारे. मालिकेच्या उत्तम भागांच्या याद्यांमध्ये हा भाग सहसा वर येत नाही. तरीही अमरत्व आणि कृत्रिम माणूस हे विज्ञानकथेचे दोन जुने विषय एकाच घरात राहायला आणणारा इतका नेमका भाग मला दुसरा ठाऊक नाही. तो जिथे चुकतो तिथेही शिकण्यासारखं बरंच आहे, म्हणून हा लेख.

गोष्ट थोडक्यात अशी. एन्टरप्राइझ यानावर तापाची साथ पसरली आहे, माणसं मरताहेत. औषधासाठी लागणारं खनिज शोधत कॅप्टन कर्क, स्पॉक आणि डॉ. मॅकॉय एका निर्जन समजल्या जाणाऱ्या ग्रहावर उतरतात. तिथे फ्लिंट नावाचा एक श्रीमंत, विद्वान, तुसडा माणूस राहतो. त्याच्या घरात लिओनार्दो दा विंचीची कुणालाच माहीत नसलेली चित्रं आहेत आणि ब्राम्सची अप्रकाशित रचना आहे. स्पॉक तपासतो तेव्हा शैली अस्सल निघते, पण कॅनव्हास, रंग, शाई सगळं ताजं. उलगडा असा, की फ्लिंट हाच लिओनार्दो आणि हाच ब्राम्स. इसवी सनापूर्वी ३८३४ मध्ये मेसोपोटेमियात जन्मलेला हा सैनिक. लढाईत काळजात शस्त्र घुसलं, पण मेला नाही. तेव्हापासून नावं बदलत तो जगतो आहे.

त्याच्याबरोबर रेना ही तरुण मुलगी राहते. ती बुद्धिमान आहे, निरागस आहे, आणि फ्लिंटखेरीज दुसरा माणूस तिने पाहिलेला नाही. कर्क सवयीप्रमाणे दोनेक तासांत तिच्या प्रेमात पडतो. मग प्रयोगशाळेत चादरीखाली झाकलेली शरीरं सापडतात. एकीच्या पाटीवर लिहिलंय: रेना, १६. फ्लिंटने आपल्यासारखीच न मरणारी जोडीदारीण घडवायला घेतली होती आणि आधीच्या आवृत्त्या फसल्या होत्या. जिवंत रेनाला फक्त भावना नव्हत्या, आणि त्या जाग्या करायला त्याने कर्कचा वापर करून घेतला. शेवटी दोन पुरुष तिच्यासाठी हातघाईवर येतात. रेना पहिल्यांदाच स्वतःचा हक्क सांगते, आणि दोघांपैकी कुणालाही दुखवणं अशक्य झाल्यामुळे कोसळून मरते.

सॉफ्टवेअरमध्ये काम करणाऱ्या माणसाला ते चादरीखालचं दृश्य वेगळं दिसतं. जुन्या आवृत्त्या आम्हीही पुसत नाही, आकडा लावून ठेवून देतो. नवी बिघडली तर जुनीवर परत जाता येतं. रेना कोसळल्यावर फ्लिंट मात्र कुठेच परत जात नाही. पुढचा आकडा लावून नवी घडवायचं त्याच्या मनातही येत नाही. म्हणजे तोपर्यंत आवृत्ती असलेली रेना त्या क्षणी व्यक्ती झाली, असं हा भाग सांगतो. ती व्यक्ती झाल्याचा पुरावा कोणता? ती मेली, हा.

हा हिशेब लेखक जेरोम बिक्स्बी यांचा एकट्याचा नाही. तो कुठून आला हे रेनाच्या पूर्ण नावातच आहे: रेना कापेक. कारेल चापेक या चेक नाटककाराला केलेला हा सलाम आहे. चापेकच्या 'आर. यू. आर.' या १९२० च्या नाटकाने जगाला 'रोबोट' हा शब्द दिला. तो सुचवला त्याच्या भावाने, योसेफने. चेक भाषेत 'रोबोटा' म्हणजे जमीनदारासाठी करावं लागणारं सक्तीचं काम. मराठीत आपण 'यंत्रमानव' असा संस्कृत साज चढवला. मूळ अर्थाला जागायचं तर शब्द 'वेठबिगार' असा हवा होता. तो रुळला असता तर आपल्या विज्ञानकथा कदाचित वेगळ्या लिहिल्या गेल्या असत्या.

दोनच वर्षांनी, १९२२ मध्ये, चापेकचं 'माक्रोपुलोस प्रकरण' रंगभूमीवर आलं. त्यात तीनशेहून अधिक वर्षं जगलेली, आणि जगून जगून गोठून गेलेली गायिका आहे. एक नाटक कृत्रिम माणसाचं, एक अमर माणसाचं. दोन्ही शेजारी ठेवून वाचली की एक गोष्ट लक्षात येते. 'आर. यू. आर.'मध्ये हेलेना रोबोट घडवण्याच्या कृतीचे कागद जाळते. 'माक्रोपुलोस'मध्ये क्रिस्टिना दीर्घायुष्याच्या कृतीचा कागद जाळते. दोन नाटकं, दोन तरुण स्त्रिया, दोन जळणारे कागद, आणि दुसरी प्रत कुठेच नाही. चापेकने हे दोन विषय वेगळे मानलेच नव्हते. माणूस घडवणं आणि मरण टाळणं हा त्याच्या लेखी एकच उद्योग होता, आणि तो बंद करायचा मार्गही एकच.

टीव्हीने चापेककडून विषय घेतले, आगही घेतली. कुणी घडवलं, कुणासाठी, वेठ कुणाची, हे प्रश्न मात्र पातळ केले. 'ट्वायलाइट झोन'मधला 'द लोन्ली' (१९५९) घ्या. एका लघुग्रहावर एकांतवासाची शिक्षा भोगणाऱ्या कैद्याला दयाळू कप्तान ॲलिशिया ही यंत्र-स्त्री आणून देतो. कैदी तिच्यात गुंततो. अचानक माफी मिळते. यानात त्याच्या सामानाला फक्त पंधरा पौंडांची जागा आहे. तो तिला सोडायला तयार नाही, म्हणून कप्तान तिच्या चेहऱ्यावर गोळी झाडतो. आत तारा दिसतात आणि प्रश्न मिटतो. त्याच मालिकेतला 'लाँग लिव्ह वॉल्टर जेमसन' (१९६०) अमर प्राध्यापकाचा. कधीकाळी टाकून दिलेली, आता म्हातारी झालेली बायको त्याला गोळी घालते आणि बघता बघता त्याची धूळ होते. 'स्टार ट्रेक'च्याच १९६६ च्या एका भागात डॉ. कॉर्बी स्वतःला यांत्रिक शरीरात उतरवून घेतो. म्हणजे अमर आणि कृत्रिम हे एकाच देहात. शेवटी तो स्वतःला आणि आपण घडवलेल्या ॲंड्रियाला नष्ट करतो. स्पॉक येऊन विचारतो, तेव्हा कर्क सांगतो की कॉर्बी इथे कधी नव्हताच.

तऱ्हा कळली असेल. जो मरत नाही त्याला मारून माणसांत परत घ्यायचं, आणि जो मेल्यासारखा नाहीच त्याला मारून माणूस ठरवायचं. फ्लिंटचंही तेच होतं. पृथ्वीपासून दूर आल्यामुळे त्याचं अमरत्व संपलंय, तो आता इतरांसारखा म्हातारा होऊन मरणार, असं मॅकॉयच्या तपासणीत निघतं. प्रेक्षकाला हायसं वाटतं. रांग पूर्ववत झाली.

याला तत्त्वज्ञान म्हणण्याआधी मला त्यामागचं तांत्रिक कारण पाहावंसं वाटतं. त्या काळच्या मालिकांचा प्रत्येक भाग सुटा असायचा. पुढे स्थानिक वाहिन्या ते हव्या त्या क्रमाने पुन्हा पुन्हा दाखवत. 'स्टार ट्रेक' खऱ्या अर्थाने लोकप्रिय झाली ती १९६९ मध्ये बंद पडल्यावर, अशाच पुनःप्रक्षेपणांतून. तेव्हा पन्नास मिनिटांच्या शेवटी सगळं जिथे होतं तिथे परत आलंच पाहिजे. आमच्या भाषेत सांगायचं तर मालिकेला स्मृती नव्हती, दर भागाला ती नव्याने सुरू व्हायची. कर्कला बायको मिळू शकत नाही, कारण पुढच्या आठवड्याच्या संहितेत तिला जागा नाही. रेनाला मरावं लागतं त्यात तिच्या मनातल्या द्वंद्वाइतकाच या वेळापत्रकाचाही हात आहे.

आणि मग वाटतं, या मालिकेतला खरा अमर फ्लिंट नाहीच. तो कर्क आहे. एकोणऐंशी भागांत तो म्हातारा होत नाही, दर थोड्या दिवसांनी नव्याने प्रेमात पडतो, आणि मागचं काही त्याच्या अंगाला चिकटत नाही. माझ्या वडिलांनी त्याला ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर पाहिला, मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षी लॅपटॉपवर. तो दोघांना सारख्याच वयाचा भेटला.

माझ्या पिढीची यंत्रमानवाशी पहिली ओळख मात्र स्टार प्लसवरच्या 'करिश्मा का करिश्मा'तून (२००३) झाली. ती अमेरिकी 'स्मॉल वंडर'ची (१९८५ ते १९८९) देशी आवृत्ती. एक इंजिनिअर बाप यंत्र-मुलगी घडवतो, घरात आणतो, कामाला लावतो. 'स्मॉल वंडर'मधली व्हिकी रात्री कपाटात उभी केलेली असते. लहानपणी त्या कपाटाचं हसू यायचं. आज मला ते आणि फ्लिंटच्या चादरी एकाच खोलीत दिसतात. पण त्या मालिकेची खरी गंमत पुढे आहे. यंत्र-मुलगी वाढू शकत नाही, पण तिचं काम करणारी मुलगी वाढत होती. तिसऱ्या पर्वापर्यंत ते लपेना, तेव्हा संहितेत बापाकडून यंत्राची सुधारणा करवून घेऊन व्हिकीला मोठी करावी लागली. अमरत्वाच्या कल्पनेला हाडामांसाच्या मुलीने दिलेलं याहून साधं उत्तर मी पाहिलेलं नाही.

इथपर्यंतचं सगळं त्या मालिकांच्या घरात बसून बोललो. आता सोलापुरात बसून तेच पाहतो, कारण अमरत्वाबद्दल आपल्या भाषेची बैठक वेगळी आहे आणि ती या भागावर वेगळा उजेड टाकते.

आपल्याकडे लग्नपत्रिकेत प्रत्येक मुलगा चि. असतो, म्हणजे चिरंजीव. कुणी त्याचा शब्दशः अर्थ घेत नाही. पुढे केव्हातरी त्याच नावामागे कै. लागणार हे पत्रिका छापणाऱ्यालाही ठाऊक असतं. चिरंजीव हा आशीर्वाद आहे, तोही दुसऱ्याने द्यायचा. स्वतःच्या नावामागे स्वतः चि. लावणारा माणूस हास्यास्पद ठरतो. फ्लिंटचा सगळा उद्योग तोच आहे.

सात चिरंजीवांत अश्वत्थामाही आहे. फ्लिंट आणि अश्वत्थामा दोघेही सैनिक. एकाची जखम तत्क्षणी भरून आली आणि तो मरेना, दुसऱ्याची भरतच नाही आणि तो मरेना. सौप्तिकपर्वात कृष्णाने दिलेल्या शापाला मुदत आहे, तीन हजार वर्षं. ती मुदत लोककथेने केव्हाच काढून टाकली आणि त्याला कपाळाच्या जखमेसाठी तेल मागत कायमचा फिरायला लावलं. मला महत्त्वाचं वाटतं ते शापाचं कारण. त्याने झोपलेल्या पोरांना मारलं आणि गर्भातल्या मुलावर अस्त्र सोडलं. दुसऱ्याचा उद्याचा दिवस हिरावला, म्हणून त्याला स्वतःचे न संपणारे उद्याचे दिवस मिळाले. फ्लिंटचं न मरणं हा निसर्गाचा अपघात आहे, त्यामुळे त्याला कुणाला काही उत्तर द्यावं लागत नाही. चादरीखालच्या रेनांबद्दल या भागात कुणीही त्याला जाब विचारत नाही. कर्कचं भांडण फक्त शेवटच्या रेनासाठी आहे.

आणि तिसरा शब्द, 'अमर'. या शहरात तो कुणासाठी वापरतात पाहा. चार हुतात्मा चौकातले चौघे, मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन, यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिली. दर जानेवारीला त्यांच्या नावाने 'अमर रहे' म्हणतात. डॉ. द्वारकानाथ कोटणीस याच शहरात जन्मले. १९३८ मध्ये चीनला गेलेल्या पाच भारतीय डॉक्टरांपैकी चौघे परतले. कोटणीस तिथेच ९ डिसेंबर १९४२ रोजी वारले, वय अवघं ३२. ख्वाजा अहमद अब्बास यांनी त्यांच्यावर लिहिलेल्या पुस्तकाच्या नावाचा अर्थ होतो 'आणि एक परत आला नाही'. व्ही. शांताराम यांनी १९४६ मध्ये त्यावरून सिनेमा काढला, तो 'डॉ. कोटनीस की अमर कहानी'. परत न आलेला तो अमर. आपल्या तोंडी हा शब्द जिवंत माणसासाठी जवळपास येतच नाही. अमर ठरायला आधी मरावं लागतं, आणि मग मागे राहिलेल्यांनी आठवण ठेवण्याचं काम अंगावर घ्यावं लागतं. हे काम मेलेल्याला करता येत नाही.

हा अर्थ हाताशी धरून 'रेक्वियम'चा शेवट पुन्हा पाहू. कर्क यानात परततो, खचून टेबलावर डोकं टेकतो, तिला विसरता आलं असतं तर, असं पुटपुटून झोपी जातो. मॅकॉय स्पॉकला प्रेम न कळल्याबद्दल ऐकवून निघून जातो. मग स्पॉक झोपलेल्या कर्कच्या डोक्याला बोटं लावतो आणि त्याच्या मनातून रेना पुसून टाकतो. भाग संपतो. ज्याला भावना नाहीत त्याने मित्रावर केलेलं हे सर्वांत मोठं प्रेम, असं या दृश्याचं कौतुक बहुतेक चाहते करतात. लिओनार्ड निमॉयने ते केलंयही सुंदर, चेहऱ्यावर रेघ न हलवता.

मला ते पटत नाही. थकलेल्या माणसाचा उसासा म्हणजे परवानगी नव्हे. झोपलेल्याची तर नव्हेच. आमच्या क्षेत्रात वापरणाऱ्याला न विचारता, नोंद न ठेवता एवढी माहिती कुणी पुसली तर त्याला मैत्री म्हणत नाहीत. पण त्याहून मोठी गोष्ट रेनाची आहे. तिच्यामागे आई-बाप नाहीत, मूल नाही, गाव नाही. जगात चार माणसांनी तिला पाहिलं. त्यांतला ज्याला तिच्याबद्दल काही वाटत होतं आणि जो पुढे जगणार होता, त्याच्याकडून तीच काढून घेतली. प्रयोगशाळेत ती पहिल्यांदा मेली. आपल्या अर्थाने ती मेली ती कर्कच्या खोलीत.

याच संदर्भात एक घरची गोष्ट सांगतो. माझे आजोबा गिरणीत होते. ते जाऊन दोन वर्षं झाली. त्यांचे व्हॉट्सॲपवरचे पन्नासेक आवाजी निरोप माझ्याकडे आहेत. बहुतेकांची सुरुवात 'काय बे, जेवला का?' अशी. माझी चुलत बहीण म्हणाली, एवढ्या आवाजावरून त्यांच्यासारखं बोलणारं काहीतरी कर, आजीला सोबत होईल. तंत्र म्हणून हे आता अवघड राहिलेलं नाही. काही मिनिटांच्या ध्वनिमुद्रणावरून आवाजाची नक्कल होते, आणि बोलायला भाषेचं मॉडेल आहेच. मी आजीलाच विचारलं. तिला नीट समजावून सांगितलं, की आजोबा नसतील, पण आवाज त्यांचा असेल, विचारशील त्याचं उत्तर देईल. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि मी गेल्यावर ते बिचारं कुणाशी बोलत बसणार?"

मी ते केलेलं नाही. निरोप आहेत तसे दोन ठिकाणी जपून ठेवलेत. आजीला ऐकावंसं वाटलं की लावून देतो. पण हा प्रश्न घेऊन मी 'रेक्वियम'कडे परत गेलो, आणि आधी चारदा पाहून न दिसलेली गोष्ट दिसली. फ्लिंटने रेनाला न मरणारी घडवली ती आपण एकटं पडू नये म्हणून. पण तो मरणार आहे, हे मॅकॉयला रेना गेल्यावर कळतं. हीच तपासणी आदल्या दिवशी झाली असती तर? फ्लिंट मेला असता आणि त्या ग्रहावर रेना उरली असती, एकटी, हजारो वर्षं, त्याच्या चित्रांच्या आणि चादरींच्या सोबतीला. ज्या एकटेपणातून त्याला सुटायचं होतं, तेच त्याने दुसऱ्या कुणाला तरी न विचारता देऊ केलं होतं. ही या कथेतली सर्वांत भयंकर शक्यता. ती कथेत कुणालाही सुचत नाही, लेखकालाही नाही. रेना आधीच मेल्यामुळे ती सुचण्याची वेळच येत नाही. माझ्या आजीला ती एका वाक्यात सुचली.

या जुन्या मालिकांबद्दलची माझी तक्रार एवढीच आहे. मरण माणसाला अर्थ देतं, हे त्या पुन्हा पुन्हा सांगतात, आणि ते खोटं नाही. पण अमरत्वाचा प्रश्न त्या नेहमी टिकू पाहणाऱ्याच्या बाजूने विचारतात. घडवलेल्याच्या, मागे उरणाऱ्याच्या बाजूने जवळजवळ कधीच नाही. मराठी विज्ञानकथेला ही बाजू परकी नसावी. नारळीकरांच्या यंत्रमानवाच्या कादंबरीचं नावच 'वामन परत न आला' आहे. ते वाक्य कुणीतरी मागे राहून वाट पाहणाऱ्यानेच उच्चारायचं असतं.

'स्टार ट्रेक'ने स्वतः एकदा ही बाजू घेतली, वीस वर्षांनी. 'नेक्स्ट जनरेशन'मधल्या 'द मेझर ऑफ अ मॅन' (१९८९) या भागात डेटा हा यंत्रमानव माणूस आहे की संस्थेची मालमत्ता, यावर सुनावणी होते. त्याला सोडवून त्याच्या प्रती काढायच्या आहेत, आणि वेठबिगारांची फौज तयार होईल ही भीती तिथे उघड बोलली जाते. चापेकचा शब्द इतक्या वर्षांनी आपल्या मूळ अर्थावर परत येतो. याच भागात डेटाच्या सामानातून मरण पावलेल्या सहकारी ताशा यारची छोटी प्रतिमा निघते. ती त्याने का जपली आहे, हे त्याला भर सुनावणीत सांगावं लागतं. १९६९ मध्ये माणसाच्या मनातून यंत्र पुसलं गेलं. १९८९ मध्ये यंत्राने माणूस जपून ठेवला. डेटा माणूस आहे हे सिद्ध करायला तिथे कुणी त्याला मारत नाही.

ज्यांनी 'रेक्वियम' पाहिला नसेल त्यांनी जरूर पाहावा. पन्नास मिनिटांचा आहे, नाच थोडा लांबलाय, बिलियर्ड्सचा प्रसंग गोड आहे. फक्त शेवटी स्पॉक बोटं लावतो तेव्हा कर्ककडे पाहू नका, त्याला पुढच्या आठवड्यात दुसरी कुणी भेटणार आहे. पाटीवरचा तो आकडा तेवढा लक्षात ठेवा.